चिंगीसाठी नर शोधताना काय काय बघितलं

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, कुत्री खरंच शिकारीची का आणि तिकडे शिकार चालते का, म्हणून तो आधीच उरकतो. हो, आमची चिंगी शिकारीची बीगल आहे, शोची नाही, आणि इकडे वेस्टर्न पेन्सिल्व्हेनियात लायसन्स काढून, सीझनमध्ये, अंगात नारिंगी जॅकेट चढवून सशामागे कुत्री सोडणं कायदेशीर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय संपला, त्यामुळे तिकडे बीगल म्हटलं की फ्लॅटमधलं लांब कानांचं गोंडस कुत्रं, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या आवाजाच्या तक्रारी. अरे बाबांनो, तो आवाज मुद्दाम पिढ्यान्पिढ्या निवडून आणलाय, ससा कुठल्या बाजूने वळतोय हे लांब उभ्या असलेल्या माणसाला नुसतं ऐकून कळावं म्हणून. आपल्याकडचा कारवान कुत्रा नजरेने शिकार धरतो, बीगलचा सगळा कारभार नाकावर. बहुतेक वेळा त्याला ससा दिसतच नाही, तो नुसता माग वाचत जातो आणि इकडचा कॉटनटेल ससा घाबरून लांब पळून न जाता आपल्याच इलाख्यात गोल फिरून परत तिथेच येतो, त्यावरच हा सगळा खेळ चालतो.

तर चिंगी. ती १३ इंची व्हरायटीत बसते (एकेसीत, म्हणजे अमेरिकन केनेल क्लबात, बीगलच्या दोनच साइझ आहेत, १३ इंचापर्यंत एक आणि त्याच्यावर १५ पर्यंत दुसरी, १५ ओलांडली की बाद). नाक जबरदस्त, माग धरला की सोडत नाही, चिकाटी तर अशी की ससा बिळात गेला तरी बाई तिथून हलायला तयार नसते, उचलूनच आणावी लागते. पण दोन गोष्टी कमी. एक म्हणजे ससा उठवायला आळशी, काटेरी जाळीत स्वतःहून घुसणार नाही, दुसऱ्या कुत्र्याने ससा उठवला की मग हिचं काम सुरू. आणि दुसरं, तोंड घट्ट. म्हणजे मागावर असूनही आवाज फार कमी देते, तीन-चारशे फूट जाऊन एकदा ओरडणार.

मला वाटतं नर कसा हवा हे नर बघायच्या आधीच ठरलेलं असतं, मादीकडे नीट बघितलं की झालं. इकडे लोक चॅम्पियनला चॅम्पियन लावतात आणि मग दोघांचा एकच दोष पिल्लांत डबल होऊन येतो. मला हवा होता जाळीत बेधडक शिरणारा आणि तोंडाचा मोकळा पण खोटं न बोलणारा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण मोकळ्या तोंडाचे अर्धेअधिक कुत्रे वास नसताना पण ओरडतात.

या सगळ्यात माझा गुरू म्हणजे शेजारचा म्हातारबा. हे नाव मी ठेवलंय, अर्थ सांगितला तर खूश झाला. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलं, आता दिवसभर बीगल. त्याचा नियम सोपा, कागद नंतर, आधी पळताना बघ, आणि एकट्याला बघ. एकट्याला हे फार महत्त्वाचं. चार कुत्र्यांच्या टोळीत एक जण काम करतो आणि बाकीचे त्याच्या आवाजावर धावतात, बघणाऱ्याला चौघेही हुशार वाटतात. एकटा सोडला की उसनं काहीच चालत नाही.

पहिला नर बघितला तो टायटलवाला, फील्ड चॅम्पियन, म्हणजे सशाचा माग काढायच्या स्पर्धा (फील्ड ट्रायल) जिंकलेला. दिसायला तर काय सांगू, काळी पाठ, डोकं भरदार, आवाज घंटेसारखा. मालकाने लगेच मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली, म्हातारबाने फोनकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाला सोड त्याला. सोडला. जाळीत शिरला मस्त, मिनिटभरात ससा उठवला, मी मनात म्हटलं झालं काम. आणि मग पहिला चेक आला.

चेक म्हणजे माग तुटतो ती जागा. ससा सरळ पळता पळता थांबतो, आपल्याच पावलांवर थोडा मागे येतो आणि एकदम बाजूला लांब उडी मारतो, किंवा कोरड्या रस्त्यावर चढतो, दगडांवरून जातो. कुत्रा वेगात येतो आणि पुढे वासच नाही. माझ्या मते नर बघायचा तो इथे. सरळ मागावर पळायला साधा कुत्रा पण पळतो. हा चॅम्पियन माग तुटला तरी ओरडतच पुढे गेला, चांगला चाळीस-पन्नास फूट, त्याला इकडे भूत काढणं म्हणतात, नसलेल्या मागावर आवाज, आणि मग माग हरवला त्या जागेवर परत न येता उतारावर लांब झोकांडी मारून गेला. नशिबाने ससा तिकडेच होता, परत धरला. मालक खूश, ग्राउंड कव्हर करतो म्हणाला. पुढच्या चेकला तेच. नंतर त्याच्याबरोबर चिंगीला सोडलं तेव्हा तर चित्र एकदम स्पष्ट झालं, चिंगी चेकवर नाक खुपसून माग शोधायची आणि जरा आवाज दिला रे दिला की हा लांबून येऊन तिच्या पुढे घुसून ओरडत निघायचा. लांबून ऐकणाऱ्याला सगळं श्रेय याचं. एकेसीच्या फील्ड ट्रायलच्या नियमांत या सगळ्या खोडी दोष म्हणून नावानिशी दिल्यात, भूत काढणं, झोकांडी मारणं, कडेकडेने पळणं, उगाच बडबड, उलट दिशेने माग काढणं, मध्येच सोडून देणं. टायटल असलं म्हणून त्या नसतीलच असं नाही, कारण त्या दिवशी समोर कोण होतं आणि वास कसा होता यावर बरंच ठरतं. गाडीत बसल्यावर म्हातारबा एवढंच म्हणाला, “पोरा, याची फी फोटोची आहे.”

दुसरा नर दीड-दोन तासांवरच्या एका शेतकऱ्याचा. सहा वर्षांचा, टायटल नाही, ट्रायलला नेलाय तो हौसेपुरता. एका कानाला काट्याने फाटलेली खाच, थूथनावर पांढरे केस यायला लागलेले. मालक बोलायला अगदीच कमी. आम्ही मुद्दाम वाईट दिवस निवडला होता, कोरडा वारा, जमीन कडक. ढगाळ ओलसर दिवशी वास जमिनीलगत टिकून राहतो, तेव्हा सगळेच शहाणे.

जागा म्हणजे जुनी उघडी खाण बुजवून सोडलेली जमीन, रानगुलाबाच्या आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, मध्ये वाळलेलं गोल्डनरॉड छातीएवढं. हा उतरला गाडीतून, एकदा अंग झाडलं आणि सरळ जाळीत. एक जाळी, दुसरी, तिसरी, शेपटी सतत हलतेय, तोंड बंद. ससा नव्हता तिथे गप्प. मग एका जाळीतून ससा उठला आणि याने जो आवाज लावला तो लांब आणि खोल, चॅम्पियनसारखा घंटेबिंटेसारखा नाही, पण दर दोन-चार पावलांना नियमित.

ससा एक फेरी मारून आमच्या समोरच खडीच्या रस्त्यावर चढला. आम्हाला डोळ्यांनी दिसत होता म्हणून सांगतो. रस्त्यावरून थोडा पुढे गेला, थांबला, कान फिरवले, उलटा आला आणि डाव्या हाताला गवतात लांब उडी. कुत्रा आला ओरडत आणि पहिला पाय खडीवर पडला तसा आवाज बंद. कुणीतरी स्विच दाबावा तसा. मला तर तिथेच पटलं होतं पण म्हातारबाने माझं कोपर धरून ठेवलं होतं, बोलू नको. कुत्र्याने वास हरवला तिथपासून सुरुवात केली, आधी पुढे दोन-तीन फूट, मग छोटा गोल, मग जरा मोठा गोल, खडीच्या दोन्ही कडा तपासल्या, घाई नाही की कंटाळा नाही. मालक हाताची घडी घालून उभा, तोंडातून चकार शब्द नाही, हे पण बघायचं असतं कारण काही मालक चेकवर ओरडून ओरडून कुत्र्याला मदत करतात. मग डाव्या कडेला एका जागी शेपटीचा वेग एकदम वाढला, एक बारीकसा अर्धवट आवाज, खात्री नसल्यासारखा, अजून दोन पावलं आणि मग पूर्ण आवाज लावून निघाला. दोन मिनिटंही लागली नसतील. त्या कोरड्या वाऱ्यात.

नंतर पण बराच वेळ पळवला. गार्मिनचा जीपीएस कॉलर होता गळ्यात, हातातल्या स्क्रीनवर त्याची वाट गोल गोल उमटत होती. गोल उमटतंय म्हणजे ससा, सरळ रेघ चालली म्हणजे हरीण. हरणामागे लागणारा बीगल इकडे बिनकामाचा, तासभराने दोन मैलांवरच्या हायवेवर सापडतो, सापडला तर. मध्ये दोन हरणं अक्षरशः त्याच्या समोरून उड्या मारत गेली, याने मान वर केली, बघितलं, परत खाली घातली. लांबून बंदुकीचा एक बार काढला, कामात फरक नाही. बोलावल्यावर लगेच नाही आला पण आला, बीगलकडून यापेक्षा जास्त आज्ञापालन मागू नये. वेग मध्यम, चिंगीच्या जवळपास. वेगाचं पण आहे, नर फार सुसाट असला तर चेकवर पुढे निघून जातो, आणि इकडे वेगाचं वेड फार वाढलंय असं माझं मत, कुणाला पटो न पटो.

पण नर स्वतः चांगला असून भागत नाही, देतो काय ते बघायला हवं. सहा वर्षांच्या नराचा हाच फायदा की पिल्लं मोठी झालेली असतात. मालकाकडून दोन वेगवेगळ्या माद्यांच्या पिल्लांचे पत्ते घेतले. वेगवेगळ्या कशासाठी, तर एकाच मादीची पिल्लं चांगली निघाली तर श्रेय तिचं पण असू शकतं. लोकांना फोन केले आणि ठरवून साधे प्रश्न विचारले, कितव्या महिन्यात स्वतःहून मागावर बसलं, लिटरमधली (एका वेळच्या पिल्लांतली) किती ठेवली आणि किती विकून टाकली, का विकली, कुणी बंदुकीला घाबरतं का, कुणाला फिट येते का. फिटचा प्रश्न स्पष्ट विचारायचा, कारण बीगलमध्ये एपिलेप्सी आहे आणि लोक आपणहून बोलत नाहीत. एका माणसाने सरळ सांगितलं की त्याच्याकडची एक पिल्ली मूर्ख निघाली, दिली बहिणीला पाळायला. मला तो माणूस आवडला. दोन पिल्लं प्रत्यक्ष जाऊन पाहिली, दोन्ही जाळीत शिरणारी, आवाज मोकळा. एक जरा बडबडी होती, पण वर्षाचीच आहे, वयाबरोबर कमी होतं बऱ्याचदा.

मग अंगाची तपासणी, ही पटकन झाली. दात कात्रीसारखे जुळतात का, दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत का, चेरी आयचं (डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी लाल होऊन बाहेर येते त्याचं) ऑपरेशन झालंय का, पंजे घट्ट की पसरट, दुसऱ्या नराशेजारी खायला दिल्यावर काय करतो. पेडिग्रीत चौथ्या पिढीत एक नाव दोघांकडे सारखं निघालं, तेवढं चालतं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली म्हणजे सगोत्र नाही ना, मग झालं.

खरी कटकट वैद्यकीय टेस्टवर झाली. मालक म्हणाला माझ्या वडिलांपासून कुत्री पाळतोय आम्ही, आजवर कुणी डीएनए टेस्टसाठी गालातून बोळा फिरवून मागितला नाही. मी म्हटलं खर्च माझा. पहिली आणि अजिबात न सोडायची टेस्ट ब्रुसेलाची, ब्रुसेला केनिस, दोघांची, नराची आणि मादीची. हा रोग मेटिंगमधून पसरतो, गाभ पडतो, नर कायमचा नापीक होऊ शकतो, खात्रीचा इलाज नाही आणि माणसालाही होतो, त्यातही जो हाताने पिल्लं काढतो त्याला जास्त धोका. इन्फेक्शन नवीन असेल तर टेस्ट सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून मागच्या वर्षीचा रिपोर्ट दाखवून चालत नाही. पटकन होणारी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरून जायचं नाही, ती खोटी पॉझिटिव्ह पण येते, पुढची पक्की टेस्ट करायची. आमची दोघांची निगेटिव्ह आली.

मग जेनेटिक पॅनेल. बीगलमध्ये बघायचे ते म्हणजे एमएलएस, लाफोरा, एनसीसीडी (लहान पिल्लाचा तोल घालवणारा मेंदूचा रोग), आयजीएस (आतड्यातून बी१२ शोषलं न जाणं) आणि फॅक्टर सेव्हन. एमएलएस म्हणजे मुस्लाडिन-ल्युके सिंड्रोम, कातडी आणि सांधे इतके आखडतात की पिल्लू बोटांच्या टोकांवर चालतं, डोळे तिरके दिसतात. २०१० मध्ये त्याचा जीन सापडला म्हणून आता टेस्ट होते. लाफोरा जास्त फसवा, त्याचे झटके सुरू होतात ते कुत्रं मोठं झाल्यावर, बहुधा पाच-सहा वर्षांनंतर, तोपर्यंत नराचे चार-पाच लिटर होऊन गेलेले असतात. फॅक्टर सेव्हनमध्ये रक्त गोठायला वेळ लागतो, रोज काट्यांत घुसणाऱ्या कुत्र्याला ते माहीत असलेलं बरं.

रिपोर्ट आला, नर एमएलएसचा कॅरियर, म्हणजे स्वतः ठणठणीत पण जीनची एक खराब कॉपी बाळगणारा. मालकाचा चेहरा पडला, त्याला वाटलं मी आता नाही म्हणणार आणि गावभर सांगणार. पण हे सगळे रोग रिसेसिव्ह, दोन्ही बाजूंनी एकेक खराब कॉपी आली तरच पिल्लू आजारी. चिंगी एमएलएस क्लिअर आहे, मग सरासरी अर्धी पिल्लं कॅरियर होतील, आजारी एकही होणार नाही. कॅरियर म्हणून इतका चांगला नर फेकून दिला तर त्याचं नाक पण फेकलं. मात्र पिल्लांची टेस्ट करायची आणि घेणाऱ्याला कागदावर लिहून द्यायचं, हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा उलट त्यानेच विचारलं की आता त्याच्या आधीच्या मादीची पण टेस्ट कुठे करायची.

वीर्य तपासणीला अजून एक गंमत. पहिला नमुना खराबच आला, हालचाल कमी, मेलेले शुक्राणू बरेच. डॉक्टरीणबाई शांत, म्हणाल्या याचं शेवटचं मेटिंग कधी झालं? मालक म्हणाला वर्ष होऊन गेलं. मग बरोबर आहे म्हणे, इतके दिवस साठलेला जुना माल आहे, चार-पाच दिवसांनी परत आणा. परत नेला तर हालचाल ८० टक्क्यांच्या वर, आकाराने नॉर्मल शुक्राणूही भरपूर. हालचाल ७० च्या खाली असेल तर विचार करतात. संख्येचा ढोबळ हिशोब कुत्र्याच्या वजनाच्या दर पौंडाला एक कोटी, त्यात तो आरामात बसला. अजून एक त्यांनी सांगितलं, नराला जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम दोन महिन्यांपर्यंत दिसतो कारण शुक्राणू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. इकडे गोचिडीचे ताप भरपूर, लाइमचा तर हा बालेकिल्लाच, त्यामुळे हा प्रश्न नराच्या मालकाला आधी विचारून घ्यावा.

करार एक पानाचा केला. मालकाला फी नको होती, पिल्लू हवं होतं, आठव्या आठवड्यात पहिली निवड त्याची. दोनपेक्षा कमी पिल्लं जगली तर पुढच्या हीटला (माजाला) मेटिंग फुकट. एकच पिल्लू झालं तर ते कुणाचं हे पण लिहिलं, कारण भांडणं नेमकी तिथे होतात. नराचं एकेसी रजिस्ट्रेशन, डीएनए नंबर, सगळ्या टेस्टच्या कॉप्या जोडल्या.

चिंगी हीटवर आली तेव्हा दिवस मोजत न बसता प्रोजेस्टेरॉनवर गेलो (बीज कधी सुटतं ते कळवणारं हॉर्मोन), एक दिवसाआड रक्त. आकडा ५ च्या आसपास गेला म्हणजे बीज सुटलं, पण कुत्रीचं बीज पिकायला अजून दोन दिवस घेतं, त्यामुळे मेटिंग त्यानंतर. मादी नराकडे नेतात, उलट नाही, नर आपल्या जागेवर असला की जास्त निवांत असतो. गाठ (मेटिंगमध्ये दोघं काही वेळ अडकून राहतात ती) पहिल्यांदाच व्यवस्थित बसली, एक दिवस सोडून परत एकदा लावली. पिल्लं होतात बीज सुटल्यापासून ६३ दिवसांनी, एखादा दिवस इकडेतिकडे.

आता अल्ट्रासाउंड बाकी आहे. म्हातारबाने आत्ताच सांगून ठेवलंय की पहिली निवड मालकाची असली तरी दुसरी त्याची, आणि तो आवाज ऐकल्याशिवाय पिल्लू घेणार नाही. मी म्हटलं आठ आठवड्यांच्या पिल्लाचा आवाज कसला ऐकता तुम्ही, तर म्हणे जेवणाचं भांडं दहा मिनिटं उशिरा ठेव, मग सांगतो कसला ते.